फक्त दिसायला आवडली म्हणून गाडी घ्यावी का?

पत्र, थोडक्यात: ताई, मी इंदूरच्या राजेंद्र नगरमध्ये राहतो, वय ४७. पीथमपूरला पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे, वीस-बावीस माणसं काम करतात. घरी बायको, बारावीतली मुलगी आणि ७८ वर्षांचे बाबा. दोनेक वर्षांपूर्वी बीएमडब्ल्यूची झेड-४, ती दोन सीटांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार, पाहिली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. मला गाड्यांतलं काही कळत नाही. इंजिनात रस नाही, वेगात तर नाहीच. काटा ऐंशीच्या वर गेला की तळहाताला घाम येतो. ती मला नुसती बघायला आवडते. ऑन-रोड एक कोटी दहा लाखांच्या आसपास जाते. पासष्ट लाख हाताशी आहेत, उरलेल्या पंचेचाळीसचं कर्ज काढावं लागेल. बायको म्हणते, ‘तुमचं मन असेल तर घ्या.’ मित्र हसतात, ‘पळवायची नाही तर घेतोस कशाला?’ बाबा कापड मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी घर कसं ओढलं ते मी पाहिलंय. ते एकदाच म्हणाले, ‘शोभेसाठी एवढे पैसे घालायची आपल्या घरात रीत नाही,’ आणि त्यानंतर या विषयावर गप्प आहेत. शोरूमवाला सांगतो की मॉडेल बंद होतंय, उशीर करू नका. मी तसा मागे मागे राहणारा माणूस. काय करू? आणि घेतलीच तर रंग कुठला? सगळे म्हणतात पांढरा, रीसेलला बरा.

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘फक्त’ आणि ‘नुसती’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, जणू काही गुन्हा कबूल करताय. आधी ते ओझं उतरवा. एखादी वस्तू सुंदर आहे म्हणून हवीशी वाटणं हे पूर्ण कारण आहे. त्याला इंजिनाचा किंवा वेगाचा टेकू लागत नाही.

तुमच्या मित्रांना वाटतं की स्पोर्ट्स कार पळवण्यासाठीच असते आणि दिसणं हा वरचा मुलामा. मोटारींचा इतिहास तसं सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइससारख्या कंपन्या इंजिन आणि चाकांसकट सांगाडा तेवढा विकत. त्यावरचं शरीर गिऱ्हाइकानं दुसऱ्या कारागिराकडून, आपल्या आवडीनं, वेगळे पैसे मोजून बांधून घ्यायचं. याचं एक अप्रतिम उदाहरण आपल्याच गावाच्या नावावर आहे. १९३० च्या दशकात महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेतल्या ड्यूझेनबर्ग कंपनीचा एसजे हा सांगाडा घेतला आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून त्यावर केशरी-काळ्या रंगाचं लांबलचक, दोन माणसांपुरतं शरीर चढवून घेतलं. गाडी त्या काळातल्या सगळ्यांत ताकदवान गाड्यांपैकी होती, पण आज तिचं नाव निघतं ते तिच्या रेषांसाठी. हाच माणूस एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेत होता आणि ब्रांकुशीची शिल्पं विकत घेत होता. त्याच्या लेखी खुर्ची, पक्ष्याचं शिल्प आणि मोटार यांना बघायची नजर एकच होती. अर्थात ते संस्थानिक होते आणि तो पैसा कुठून आला हा प्रश्न रास्तच आहे. त्यांच्याशी तुमची बरोबरी मी करत नाही. बघण्यासाठी गाडी घेणारे तुम्ही पहिले नाही, आणि ते मूर्खपणाचं लक्षणही नाही, एवढंच सांगायचंय.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या, जिचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. गाडी चालवत असताना ती तुम्हाला दिसणार नाही. झेड-४ मध्ये बसायची जागा जवळजवळ मागच्या चाकांपाशी असते, त्यामुळे समोर लांब बोनेट पसरलेलं दिसेल. तेवढं सुख आहे. पण ज्या आकारावर तुमचा जीव जडलाय, म्हणजे बाजूनं दिसणारं ते लांब नाक आणि आखूड शेपूट, तो तुम्हाला गाडी उभी असतानाच बघायला मिळणार. म्हणून तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न गाडीचा नाही, घराचा आहे. ती उभी कुठे राहणार? राजेंद्र नगरमधली जुनी घरं मला माहीत आहेत. पुढे दोन झाडं, एक चिंचोळं फाटक, आत जेमतेम एका गाडीची जागा, आणि तिथे आज तुमची रोजची गाडी असणार. झेड-४ रस्त्यावर कव्हर घालून ठेवणार असाल, तर एक कोटी दहा लाखांचं कापड बघत बसाल. गाडी घ्यायची ठरलीच तर आधी छप्पर असलेली, ओट्यावरून किंवा बैठकीच्या खिडकीतून दिसेल अशी जागा करा. भिंत पाडावी लागली, फाटक रुंद करावं लागलं, तर तो खर्च गाडीच्या किमतीतच धरा. आणि ते काम गाडीच्या आधी करा. जागा तयार झाल्यावरही मन तितकंच ओढ घेत असेल, तर तुम्हाला तुमच्याबद्दल एक खरी गोष्ट कळलेली असेल.

तुम्ही स्वतःला मागे मागे राहणारा माणूस म्हणता. त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तुम्ही गाडीकडे बघाल, पण लोक तुमच्याकडे बघतील. सिग्नलला शेजारची पोरं खिडकी खाली करून किंमत विचारतील. सुपर कॉरिडॉरवर कुणीतरी बाजूला येऊन ॲक्सिलरेटर रेमटवेल आणि तुम्ही शर्यत लावावी अशी वाट बघेल. छप्पन दुकानला पार्क केलीत तर परत येईपर्यंत चारजणांनी तिला टेकून फोटो काढलेले असतील. हे दुष्टपणानं नाही होत, कौतुकानंच होतं. पण काही माणसांना कौतुकाचाही थकवा येतो. छत उघडं असेल तर लपायलाही जागा नाही. हे कसं वाटतं ते कल्पनेनं कळत नाही. मुंबईत किंवा गोव्यात अशा गाड्या एखाद्या दिवसासाठी भाड्यानं मिळतात. तिथे जाऊन दोन दिवस घ्या. एक दिवस नको, पहिला दिवस नवलाईतच जातो. बायकोला बरोबर न्या. तिनं ‘तुमचं मन असेल तर घ्या’ म्हटलंय, पण तिचं स्वतःचं मन काय म्हणतं ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. दोनच सीटांची गाडी आहे; दुसऱ्या सीटवर जी बसणार तिला विचारा.

युनिटवर मात्र ती गाडी नेऊ नका. राऊ, महू, पीथमपूर हा ट्रकांचा रस्ता आहे आणि इतकी बुटकी गाडी ट्रकवाल्याला आरशात दिसेलच असं नाही. दुसरं कारण याहून मोठं आहे. तुमच्याकडे वीस-बावीस माणसं महिन्याच्या पगारावर घर चालवतात. तुमचा पैसा तुमच्या कष्टाचा आहे, तो लपवायची गरज नाही. पण कुणाची पगारवाढ, बोनस किंवा पीएफ अडकला असेल तर तो आधी मोकळा करा. मिलमधल्या माणसाच्या मुलाला हे मी सांगायला नकोच.

आता बाबांबद्दल, कारण तुमच्या पत्राचा खरा भार तिथे आहे. मित्रांच्या हसण्याचा तुम्हाला त्रास होतो, पण झोप उडालीय ती बाबांच्या गप्प बसण्यामुळे.

बाबा म्हणतात शोभेसाठी पैसे घालायची आपल्या घरात रीत नाही. मी त्यांना ओळखत नाही, पण इंदूरच्या मिलमधली माणसं मला माहीत आहेत. अनंत चतुर्दशीच्या रात्री या शहरात झांक्या, म्हणजे फिरते देखावे, निघतात, त्या कुणी उभ्या केल्या? हुकूमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, या मिलच्या कामगारांनी. पाळी संपल्यावर रात्र रात्र जागून, वर्गणी काढून, लाकूड, लोखंड, कापड आणि दिवे यांतून त्यांनी रामायण-महाभारतातले प्रसंग हलते केले. त्या झांक्यांचा उपयोग काय होता? एका रात्रीत सगळ्या शहरानं डोळे भरून बघावं, एवढाच. आणि मिल बंद पडल्यावर, देणी वर्षानुवर्षं अडकलेली असताना, हातात पैसा नसतानाही त्या माणसांनी झांकी बंद पडू दिली नाही. आजही ती निघते. शोभेचं मोल ज्यांना इतकं कळत होतं, त्या पिढीतले तुमचे बाबा आहेत.

तेव्हा त्यांचा आक्षेप सौंदर्याला नसावा असं मला वाटतं. त्यांना भीती वाटत असणार. ज्या माणसाचा पगार एके दिवशी अचानक थांबला, त्याला मुलाच्या नावावर पंचेचाळीस लाखांचं कर्ज ऐकल्यावर काय दिसत असेल? त्याला गाडी दिसतच नाही, बंद फाटक दिसतं. आणि आणखी एक फरक त्यांच्या मनात असू शकतो, तो तुम्ही प्रामाणिकपणे मान्य करा: झांकी सगळ्यांची होती, गाडी एकट्याची आहे. म्हणून झांकीचा दाखला देऊन त्यांना वादात हरवायला जाऊ नका. मी तो तुम्हाला दिलाय, त्यांच्यासाठी नाही. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की त्यांच्या मिलच्या झांकीत त्यांनी काय केलं होतं. मग गाडीचा विषय काढा, आणि पहिलं वाक्य हे असू द्या: ‘बाबा, मी कर्ज काढणार नाही.’

कारण माझा सल्ला तोच आहे. कर्ज काढून ही गाडी घेऊ नका.

हिशेब बघा. पंचेचाळीस लाख, ९ टक्के व्याज आणि सात वर्षं धरली, तर महिन्याला साधारण ७२,४०० रुपये हप्ता बसतो. सात वर्षांत जवळपास पावणेसोळा लाख नुसतं व्याज जातं. तुमचं युनिट हे कदाचित पेलेल. पण यंत्रासाठी काढलेलं कर्ज यंत्र फेडतं. ही गाडी काही कमावणार नाही, आणि तिला कमावायला लावायचंही नाहीये. तुम्हाला तिच्याकडे निवांत बघायचंय. एखाद्या महिन्यात मोठ्या पार्टीचं पेमेंट अडकेल, त्याच आठवड्यात हप्ता कापला जाईल, आणि त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तुम्हाला तिच्या रेषा दिसणार नाहीत, आकडे दिसतील. ज्या एका गोष्टीसाठी ती घेतली, तीच कर्जानं हिरावून घेतली तर काय उरलं?

पासष्ट लाखांतूनही मुलीच्या पुढच्या चार-पाच वर्षांचा खर्च आधी बाजूला काढा, एफडी करून तिच्या नावाची पावती कपाटात ठेवा. बाबांच्या आजारपणासाठी वेगळे ठेवा. राहील त्यात गाडी बघायची. म्हणजे नवी झेड-४ येणार नाही, हे उघड आहे. वापरलेली येऊ शकेल.

तुमच्यासारख्या माणसासाठी वापरलेली गाडी हा कमीपणा नाही, उलट तोच शहाणा रस्ता आहे. नव्या गाडीच्या किमतीचा मोठा भाग पहिल्या काही वर्षांतच झडतो. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना जो ठरलेला तक्ता वापरतात त्यात सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीला १५ टक्के घट, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट आहे. बाजारभाव याच्या थोडा इकडेतिकडे असतो, पण उतार असाच. आता विचार करा, या पाच वर्षांत काय झिजतं? इंजिन, क्लच, टायर, वॉरंटी. आकार झिजत नाही. तुम्ही ज्याचे पैसे मोजताय ती गोष्ट पाच वर्षांनी तशीच्या तशी असते, आणि अर्ध्या पैशांत मिळते.

शोरूमवाला मॉडेल बंद होण्याचं सांगतो त्यात तथ्य आहे; झेड-४ ची ही पिढी बंद करायचं कंपनीनं ठरवलं. पण त्यानं घाई करायचं कारण उरत नाही. बनलेल्या गाड्या कुठे नाहीशा होत नाहीत. पुढची काही वर्षं त्या एकेक करून बाजारात येत राहतील, बऱ्याचशा फार कमी चाललेल्या, कारण या गाड्या लोक रविवारीच बाहेर काढतात. तशीच घाई तुम्हाला मेळ्याच्या नावानंही केली जाईल. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि अलीकडे उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात राज्य शासनानं गाड्यांच्या परिवहन करात ५० टक्के सूट दिली आहे. महागड्या गाडीवर ही रक्कम लाखांत जाते, खोटं नाही. नवी घ्यायची असती तर मीच म्हटलं असतं की मेळ्यासाठी थांबा. पण मेळा संपतोय म्हणून मन बनवू नका.

थांबायचं आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या नजरेच्या भल्याचं आहे. नव्या वस्तूचं आकर्षण आणि आकाराचं आकर्षण सुरुवातीला वेगळं करता येत नाही. यासाठी एक करा. झेड-४ ची पहिली पिढी २००२ साली आली. ख्रिस बँगल तेव्हा बीएमडब्ल्यूचे डिझाइनप्रमुख होते आणि त्या गाडीच्या अंगावरच्या मुरडलेल्या, आत-बाहेर वळणाऱ्या पृष्ठभागांवर लोकांनी खूप टीका केली. पुढे त्याच रेषांचं कौतुक होऊ लागलं. त्या पिढीचे फोटो समोर ठेवा, मधल्या पिढीचे ठेवा आणि तुमच्या आवडत्या गाडीचे ठेवा. वीस वर्षं जुन्या गाडीतही तुम्हाला काही दिसतं का? दिसत असेल तर तुमचं प्रेम त्या बांध्यावर आहे, लांब नाक आणि मागे सरकलेल्या बैठकीवर आहे, आणि ते टिकेल. फक्त ताजी गाडीच आवडत असेल, तर पाच वर्षांनी हीसुद्धा ताजी नसेल.

वापरलेली बघताना ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा एखाद्या स्वतंत्र जाणकाराकडून लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्या, पैसे द्यावे लागले तरी. खालचा भाग घासलाय का, चाकांच्या रिम वाकून सरळ केल्यात का, रंगाची जाडी सगळीकडे सारखी आहे का. छत दहा-वीस वेळा उघडून मिटून बघा. सर्व्हिसचा सगळा इतिहास मागा. गाडी मुंबई-दिल्लीची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, आपल्याकडची नवी नोंदणी आणि मध्य प्रदेशचा कर, हे सगळं सौदा करताना किमतीत धरा. पुष्कळजण इथेच फसतात. गाडी स्वस्त पडते आणि कागद महाग.

मग रस्ते. या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण ११ सेंटीमीटरवर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चांगला पसरट असायला हवा. तसा असेल तर गाडी सावकाश निघून जाते. पण कॉलनीतले ब्रेकर कोण मोजून बांधतं? रहिवासी उरलेल्या सिमेंटची उभी वरवंटी घालतात आणि त्यावर असली गाडी मधोमध टेकते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. गाडी राजेंद्र नगरला आणा, तुमच्या गल्लीतून न्या, स्वतःच्या फाटकाचा उतार चढवून बघा. फाटकातच नाक घासत असेल तर उतार बदलावा लागेल. टायरांची कड पातळ असते, खड्ड्यात आपटली की टायर फुटतो आणि रिम वाकते. ते टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात ही गाडी घालायचीच नाही. इंजिनात पाणी गेलं तर साध्या विम्यात ते नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं. ते घ्या, झिरो डेपही घ्या, म्हणजे भरपाई देताना सुट्या भागांचा घसारा कापला जात नाही.

तुम्ही म्हणता, इंजिनात रस नाही. चालेल. पण इंजिनाला तुमच्यात रस असणार आहे. ३४० हॉर्सपॉवरची, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी आहे, साडेचार सेकंदांत शून्यावरून शंभरावर जाते. ओल्या रस्त्यावर पाय जरा जोरात पडला तर काय होतं, ते माहीत असायला हवं. ऑडीनं १९९८ साली टीटी आणली तेव्हा तिच्या गोलसर, स्वच्छ आकारावर जग खूश होतं. पण तोच आकार जास्त वेगात मागची बाजू हलकी करत होता. जर्मनीत मोठ्या वेगात वळताना आणि लेन बदलताना अपघात झाले, माणसं गेली. मग कंपनीनं गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर, म्हणजे हवेच्या जोरानं गाडी खाली दाबून धरणारी पट्टी, लावला, सस्पेन्शन बदललं, गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. तुम्ही त्या वेगाला कधी जाणार नाही, तरी सांगतेय, कारण गाडीचं रूप आणि तिचं वागणं कधीच पूर्ण वेगळं नसतं. पहिल्या महिन्यात एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाबरोबर पहाटे मोकळ्या रस्त्यावर सराव करा. तुमच्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, मित्र कधीतरी तिथल्या एखाद्या कार्यक्रमाला चला म्हणतील. मन नसेल तर जाऊ नका. पळवली नाही म्हणून गाडी वाया जात नाही.

उभी ठेवल्यानं मात्र जाते. हे तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं, कारण तुम्ही ती बहुतेक वेळ उभीच ठेवणार. बॅटरी उतरते, म्हणून घरी बॅटरी मेंटेनर लावून ठेवायचा. एकाच जागी महिनोन्‌महिने राहिलं की टायर खालून चपटे पडतात, आणि न चालताही त्यांचं रबर कडक होतं. तेल किलोमीटर न होताही वर्षातून एकदा बदलायचं. छताचं कापड आणि त्याची रबरं उन्हानं सुकतात. आणि उंदीर. आपल्याकडे बोनेटमध्ये शिरून वायरी कुरतडणारे उंदीर कुठल्याही अपघातापेक्षा जास्त गाड्या वर्कशॉपला पाठवतात असं मला वाटतं. दर आठवड्याला गाडी बाहेर काढा, अर्धा तास चालवा, इंजिन पूर्ण तापू द्या. रविवारी पहाटे रिंग रोडला एक फेरी, येताना पोहे-जिलबी, एवढं नेमानं केलंत तरी पुष्कळ. वर्षाला विमा, सर्व्हिस आणि टायरांचा वाटा मिळून काही लाख सहज जातात. ते पैसे पहिल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका.

तर माझं उत्तर: घ्या. या वर्षी नाही, नवी नाही, हप्त्यांवर नाही. आधी जागा करा, मुलीचे पैसे बाजूला ठेवा, बाबांशी बोला, दोन दिवस भाड्याची गाडी चालवून या. मग स्वतःच्या पैशांनी, तीन-चार वर्षं जुनी, नीट सांभाळलेली गाडी शोधा. आणि बाबांनी सगळं ऐकूनही नाही म्हटलं तर? तुम्ही ४७ वर्षांचे आहात, निर्णय तुमचा आहे. तरी त्यांच्या नकारात कर्जाची भीती असेल तर ती आता उरली नाही, हे त्यांच्या लक्षात यायला थोडे महिने द्या. घाई कुणालाच नाही.

राहिला रंग. पांढरी गाडी लवकर विकली जाते हे खरं आहे. पण तुम्ही ती बघण्यासाठी घेताय, मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या आवडीचा रंग वर्षानुवर्षं का बघायचा? शोरूमच्या दिव्यांखाली रंग ठरवू नका, तिथे सगळ्याच गाड्या चमकतात. गाडी बाहेर काढायला लावा आणि संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात बाजूनं बघा. दारावरची ती लांब कड कुठल्या रंगात उठून दिसते ते कळेल. पांढऱ्यात सावल्या पुसट होतात आणि असे आकार सपाट वाटू शकतात. काळ्यात आकार देखणा दिसतो, पण इंदूरच्या धुळीत रोज पुसावा लागेल आणि पुसण्याचे ओरखडेही दिसतील. ‘फ्रोझन’ नावानं मिळणारे मॅट रंग फार मोहक असतात. ते मात्र घेऊ नका, त्यांना पॉलिश चालत नाही आणि एक ओरखडा काढायला अख्खा पत्रा रंगवावा लागतो. मला विचाराल तर निळा किंवा लाल. वापरलेल्या गाड्यांत तुमचा रंग लगेच मिळणार नाही, भोपाळ-पुण्याहून फोन येतील की पांढरी उभी आहे, उद्याच घेऊन जा. नाही म्हणा आणि तुमच्या रंगाची येईपर्यंत थांबा.